तुम्ही विचारलंत म्हणून : पॅट समिट यांच्याकडून नेमकं काय घ्यायचं?

मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्यांकडून एक प्रश्न मला वारंवार येतो : पॅट समिट यांच्यासारखं शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? समिट या अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या कोच, आणि विचारणाऱ्याने बहुधा त्या संघाच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहिलेल्या असतात. त्यांत बाजूच्या रेषेवर उभ्या असलेल्या उंच बाई दिसतात, खेळाडूवर रोखलेली ती प्रसिद्ध नजर दिसते, टाइम-आउटमध्ये चढलेला आवाज ऐकू येतो. तेवढ्यावरून धाक हीच त्यांची पद्धत होती असा समज होतो, आणि मग कुठल्या तरी मैदानावर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींवर डोळे वटारणं सुरू होतं.

ती नजर सोडून द्या, हे माझं पहिलं उत्तर. समिट यांनी 1974 ते 2012 असे 38 मोसम टेनेसीच्या महिला संघाला शिकवलं. 1,098 सामने जिंकले, 208 हरले. 1987, 1989, 1991, 1996, 1997, 1998, 2007 आणि 2008 अशी आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. विजयांपेक्षा पराभव जास्त झाले असा एकही मोसम गेला नाही. डोळे वटारून हे होत नाही. त्यांच्या कामाचा कणा होता रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू मिळवणं, आणि डिफेन्स, म्हणजे बचाव. त्या दिवशी शॉट पडोत न पडोत, रोज करता येण्यासारख्या या दोन गोष्टी. बाकी सगळं, वर्गातल्या हजेरीपासून सरावाच्या वेळापत्रकापर्यंत, त्या कण्याला जोडलेलं होतं. हा आग्रह त्यांच्यात कुठून आला हे कळायला त्यांचं स्वतःचं खेळणं आधी पाहावं लागतं.

पॅट्रिशिया स्यू हेड, म्हणजे पुढच्या पॅट समिट, यांचा जन्म 14 जून 1952 चा, टेनेसी राज्यातल्या क्लार्क्सव्हिलचा. घर शेतकऱ्याचं, गायी आणि तंबाखू. तीन थोरले भाऊ, एक धाकटी बहीण. गवत साठवायच्या माळ्यावर भावांबरोबर बास्केटबॉल चालायचा. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी बिऱ्हाड हेन्रिएटाला हलवलं, कारण तिथून चीथम काउंटीच्या शाळेत जाता येत होतं आणि त्या शाळेत मुलींचा संघ होता. पुढे मार्टिन इथल्या टेनेसी विद्यापीठात त्या खेळल्या, पण शिष्यवृत्तीशिवाय. मुलींना खेळाची शिष्यवृत्ती तेव्हा मिळतच नव्हती, शिक्षणाचा खर्च आई-वडिलांनी केला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेद करता येणार नाही असं सांगणारा कायदा, ज्याला सगळे टायटल नाइन म्हणतात, तो 1972 मध्ये आला. त्याची फळं मैदानावर दिसायला पुढची कित्येक वर्षं गेली.

1973 मध्ये मॉस्कोच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत अमेरिकेच्या संघातून त्यांना रौप्य मिळालं. 1974 च्या सुरुवातीला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, गुडघ्यातला एक मुख्य बंध, म्हणजे एसीएल, तुटला. त्या काळात ही दुखापत झाली की खेळ संपला असंच धरलं जाई. डॉक्टरांनीही तोच सल्ला दिला होता. दोन वर्षांनी त्या मॉन्ट्रिऑल ऑलिंपिकमध्ये संघाच्या सहकर्णधार होत्या. महिला बास्केटबॉलचं ते पहिलंच ऑलिंपिक. प्रशिक्षक बिली मूर. संघात लुसिया हॅरिस, ॲन मायर्स आणि अवघ्या अठरा वर्षांची नॅन्सी लीबरमन. पहिल्याच सामन्यात जपानने 84-71 असं हरवलं. मग बल्गेरिया आणि कॅनडावर विजय मिळाला. सोव्हिएत संघापुढे 77-112 असा पराभव झाला. शेवटी चेकोस्लोव्हाकियाला हरवून अमेरिकेने रौप्य मिळवलं.

त्या 35 गुणांच्या फरकाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. सोव्हिएत संघाची उल्याना सेम्योनोवा सात फुटांच्या घरातली. तिच्या उंचीवर बास्केटखाली इलाज नव्हता आणि बाकीच्या मुली तिच्याभोवती शिस्तीत खेळत. पुढची तीस-पस्तीस वर्षं समिट रिबाउंडवर इतक्या का अडून बसल्या, याचं निम्मं उत्तर मला त्या सामन्यात दिसतं. उरलेलं निम्मं टेनेसीतल्या शाळांच्या नियमात आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण ही बाजू फारसं कुणी विचारत नाही.

टेनेसीतल्या शाळांमध्ये मुलींचा बास्केटबॉल तेव्हा सहा जणींचा होता. मैदानाच्या मधल्या रेषेच्या एका बाजूला तुमच्या तीन फॉरवर्ड, दुसऱ्या बाजूला तीन गार्ड. मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. फॉरवर्ड फक्त हल्ला करणार, गार्ड फक्त बचाव. गार्डने चेंडू मिळवला की तो रेषेपर्यंत आणून पलीकडच्या फॉरवर्डच्या हाती द्यायचा आणि तिथेच थांबायचं. या सगळ्याचं मूळ फार जुनं. 1892 मध्ये स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेनसन यांनी मुलींना हा खेळ शिकवला तेव्हा मैदानाचे तीन भाग केले होते, धसमुसळेपणा आणि दमछाक टाळण्यासाठी. त्यांनी तो खेळ मुलींपर्यंत आणला हे मोठंच काम होतं. पण ऐंशी वर्षांनीही दमछाकीचं तेच कारण पुढे करून मुलींना अर्ध्या मैदानात कोंडलेलं होतं. कॉलेजच्या मुलींनी 1971 मध्ये पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ कायमचा स्वीकारला. टेनेसीच्या शाळांनी मात्र 1979 पर्यंत जुनंच धरून ठेवलं. आयोवा राज्यात 1993 पर्यंत आणि ओक्लाहोमात 1995 पर्यंत ते चाललं.

आता याचा परिणाम कोचच्या अंगाने बघा. शाळेत चार वर्षं गार्ड खेळलेली मुलगी कॉलेजात येते. तिने सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू टाकलेला नाही, धावता धावता ले-अप, म्हणजे रिंगजवळ जाऊन उडीत टाकायचा शॉट, घेतलेला नाही, फाउलनंतर मिळणारा फ्री थ्रोसुद्धा नाही, कारण फाउल तिच्यावर झाला तरी थ्रो पलीकडची फॉरवर्ड घेई. दुसरी मुलगी फॉरवर्ड. सामन्याला तीस-चाळीस गुण करते, वर्तमानपत्रात नाव येतं. पण बचावात पाय सरकवणं तिला ठाऊक नाही. त्याहून वाईट म्हणजे चेंडू गेला की मागे धावायचं असतं ही सवयच नाही, ती रेषेपाशी थांबते. पूर्ण मैदान चाळीस मिनिटं धावण्याचा दम दोघींनाही नाही. अशा मुलीचं कॉलेजातलं पहिलं वर्ष बाकीच्या राज्यांतल्या मुलींनी शाळेतच शिकलेल्या गोष्टी शिकण्यात जातं. शिष्यवृत्त्या सुरू झाल्यावर हा तोटा सरळ पैशांत मोजता येऊ लागला. साहजिकच कॉलेजं पाच जणींचा खेळ खेळलेल्या मुली निवडू लागली.

ओक रिजच्या एका शाळकरी गार्डने या नियमाविरुद्ध खटला भरला. 1976 मध्ये जिल्हा न्यायालयात ती जिंकली, 1977 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालयाचा रस्ता असा बंद झाला. समिट यांच्या हातात दुसरी गोष्ट होती : निवड. नियम बदलेपर्यंत टेनेसीतल्या शाळांमधून खेळाडू घेणार नाही, ही भूमिका त्यांनी उघडपणे घेतली. स्वतःच्या राज्याच्या विद्यापीठाची कोच असं म्हणते तेव्हा शाळांचे मुख्याध्यापक आणि पालक दोघांनाही ते ऐकावंच लागतं. 1979 मध्ये नियम बदलला. त्यांच्या आठ अजिंक्यपदांइतकंच मी या कामाला मानतो. एका संघाच्या नव्हे, राज्यभरातल्या सगळ्या मुलींच्या वाट्याला पूर्ण मैदान आलं.

कोचिंगची सुरुवात मात्र ठरवून झालेली नव्हती. 1974 मध्ये त्या नॉक्सव्हिलला, टेनेसी विद्यापीठाच्या मुख्य आवारात, पदव्युत्तर शिक्षणासाठी आल्या, संघाच्या सहायक म्हणून. मुख्य कोच रजेवर गेल्या आणि 22 व्या वर्षी संघ समिट यांच्या हाती आला. महिना 250 डॉलर. संघातल्या काही मुली त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान. शिकवणं, स्वतःचा अभ्यास, संघाची गाडी चालवणं, गणवेश धुणं आणि त्याच वेळी ऑलिंपिकसाठी गुडघ्याचा व्यायाम, सगळं एकाच दिवसात बसवायचं. पहिल्या निवड चाचणीत त्यांनी मुलींना इतकं पळवलं की चार जणी रेषेच्या टोकाला पोचल्या आणि तशाच दारातून बाहेर पडून निघून गेल्या, असं त्या पुढे स्वतःच सांगत. पहिला सामना 7 डिसेंबर 1974 ला, मर्सरविरुद्ध. 83-84 असा, एका गुणाने हरल्या. पहिला मोसम 16 विजय आणि 8 पराभवांवर संपला.

नव्या कोचकडून इथेच चूक होते. खेळाडू म्हणून जितका घाम गाळला तितकाच संघाकडून गाळून घ्यायचा, एवढंच त्याला ठाऊक असतं. नुसतं पळवल्याने दम वाढतो, खेळ वाढत नाही. समिट यांचे नंतरच्या काळातले सराव मिनिटांत आखलेले असत आणि पळणं त्या सरावांच्या आत मिसळलेलं असे. शिक्षा म्हणून पळवणं त्यांनी सोडलं असं नाही, पण सरावाचा भार त्यावर ठेवला नाही.

आता रिबाउंड. सगळ्यात जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं ते हेच.

हल्ल्यामुळे तिकिटं खपतात, बचावाने सामने जिंकता येतात आणि रिबाउंडमुळे अजिंक्यपद मिळतं, अशा अर्थाचं वाक्य त्यांच्या खेळाडूंच्या तोंडी कायम असे. यामागचा हिशेब साधा आहे. चांगला संघसुद्धा निम्म्याहून जास्त शॉट चुकवतो. चुकलेला प्रत्येक शॉट म्हणजे कुणाच्याच मालकीचा नसलेला चेंडू. तो मिळवायला हातातलं कौशल्य कमी आणि जागा जास्त लागते. त्यातून मुलींच्या खेळात बहुतेक रिबाउंड रिंगच्या पातळीखाली घेतले जातात, कधी कधी चेंडू जमिनीवर आपटल्यावरही. म्हणजे उडी किती उंच यापेक्षा चेंडू पडतो तेव्हा आतल्या बाजूला कोण आहे हे निर्णायक ठरतं.

बॉक्स-आउट, म्हणजे प्रतिस्पर्धीला पाठीने अडवून चेंडूपासून दूर ठेवणं, शिकवताना क्रम नीट पाळा. शॉट हातातून सुटला की बचाव करणाऱ्या सगळ्यांनी मोठ्याने ‘शॉट’ म्हणायचं. मग नजर चेंडूवरून काढून आपल्या माणसावर, म्हणजे आपण जिला अडवतोय त्या प्रतिस्पर्धीवर. तिच्या दिशेने एक पाऊल, आणि कोपरात दुमडलेला हात तिच्या छातीपाशी टेकवायचा. स्पर्श कळल्यानंतरच एका पायावर वळायचं, कंबर खाली, पाठ तिच्याकडे, पाय खांद्यांहून रुंद, कोपरं खांद्याच्या उंचीवर आणि तळवे वर. चेंडू रिंगला लागेपर्यंत तिला पाठीवर धरून ठेवायचं. मग उडी. चेंडू दोन्ही हातांनी पकडून हनुवटीखाली आणायचा, कोपरं बाहेर. उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत. गुडघे आत कोसळत असतील तर तिथेच सराव थांबवून ते आधी सुधारा. एसीएलच्या दुखापती मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतात, आणि बहुतेक वेळा धक्का लागून नव्हे तर उतरताना किंवा झटक्यात दिशा बदलताना.

चुका ठरलेल्या असतात. पहिली, चेंडूकडे बघत उभं राहणं. शॉट सुटल्यावर मान वर जाते आणि प्रतिस्पर्धी शेजारून आत शिरते. दुसरी, स्पर्श होण्याआधीच वळणं. पाठ केली पण पाठीमागे कुणीच नाही. तिसरी, मागे सरकत सरकत थेट रिंगखाली जाऊन पोचणं. तिथे फक्त जाळीतून पडलेला चेंडू हातात येतो, उसळलेला चेंडू डोक्यावरून जातो. समोरच्या खेळाडूला रिंगपासून निदान पाच-सहा फुटांवर थोपवलं पाहिजे. चौथी, हात मागे नेऊन तिला कवटाळणं, तो फाउल. पण सर्वात महागात पडणारी चूक दूरच्या बाजूला होते. चेंडू उजव्या कोपऱ्यात असतो, डाव्या बाजूची बचावपटू मदतीसाठी मध्ये आलेली असते, आणि तिची प्रतिस्पर्धी पंधरा फुटांवरून धाव घेत येते. कोपऱ्यातून चुकलेला शॉट बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो, म्हणजे नेमका या दोघींच्या वाट्याला. इथे वळायची घाई करून चालत नाही. दोन पावलं तिच्याकडे जाऊन तिचा वेग तोडायचा, मग चेंडूकडे. तीन गुणांच्या रेषेबाहेरचे शॉट लांब उसळतात, म्हणून फ्री थ्रो रेषेजवळ एक गार्ड थांबलीच पाहिजे.

सरावासाठी चार विरुद्ध चार लावा. कोच बाजूने शॉट घेतो. बचाव करणाऱ्या संघाने सलग तीन वेळा बास्केट न देता रिबाउंड घेतला तरच सुटका. एक जरी रिबाउंड हल्ला करणाऱ्यांनी नेला तर मोजणी पुन्हा शून्यावर. रोज दहा-बारा मिनिटं पुरतात; आठवड्यातून एकदा तासभर करण्यात काही अर्थ नाही, दमलेल्या पायांना खोटी सवय लागते. मधूनच शॉट खरोखर पडू द्या. प्रत्येक शॉट चुकणारच हे ठाऊक असलं की मुली आधीच धावू लागतात आणि सामन्यात फसतात.

डिफेन्समध्ये समिट यांचा पाया मॅन-टू-मॅनचा, म्हणजे प्रत्येकीने एका ठरलेल्या प्रतिस्पर्धीला अडवायचं. झोन (प्रत्येकीने मैदानाचा एक भाग राखणं) किंवा प्रेस (चेंडू पुढे येण्याआधीच दाबून अडवणं) त्यावर चढवायचा, त्याच्या जागी नव्हे. मलाही हेच पटतं. झोनमध्ये वाढलेली मुलगी जागा राखते, माणूस नाही, आणि रिबाउंडच्या वेळी कुणाला अडवायचं हे तिला ठरवता येत नाही. आधी एकास एक, मग मदत, मग मदतीला गेलेल्या मुलीची जागा भरणं, या क्रमाने गेलात तर झोन शिकवायला आठवडा पुरतो. उलट क्रमाने गेलात तर मोसम जातो.

त्यांच्या सरावातली आणखी एक गोष्ट पुष्कळांना उचलायची असते : मुलांविरुद्ध सराव. टेनेसीच्या सरावात विद्यापीठातलेच विद्यार्थी मुलींच्या विरुद्ध संघात उभे राहत. फायदा उघड आहे. मुलं उंच आणि वेगवान, त्यामुळे पासला लागणारा वेळ कमी, शॉटला मिळणारी जागा कमी. सामन्यात खऱ्या प्रतिस्पर्धी आल्या की खेळ सोपा वाटतो. त्या मुलांना पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली शिकवून तोच संघ समोर उभा करता येतो. पण यात एक खोट आहे, आणि ती गंभीर आहे. पहिल्या पाच जणी मुलांविरुद्ध खेळतात तेव्हा बाकावरच्या सात-आठ जणी बाजूला उभ्या राहतात. ज्यांना सरावाची सर्वात जास्त गरज, त्यांचाच सराव जातो. याच कारणावरून 2006 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या एका समितीने ही पद्धत बंद करावी असं म्हटलं होतं. बंदी आली नाही, पण आक्षेप खरा होता. मुलं घ्यायचीच तर दोन-तीनच घ्या, त्यांना दोन्ही संघांत वाटून टाका आणि सरावाच्या एक तृतीयांशाहून जास्त वेळ देऊ नका. मुलांना शॉट अडवायची मुभा नको, नुसते हात वर धरू देत. नाहीतर आठवड्याभरात मुली आत घुसायचं सोडून बाहेरूनच चेंडू टाकू लागतात.

शिस्तीबद्दल थोडक्यात. खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन ओळींत बसायचं. कारण नसताना तास बुडवला तर पुढचा सामना बाकावर, मग ती कुणीही असो. टेनेसीत खेळण्याची मुदत पूर्ण करणारी त्यांची प्रत्येक खेळाडू पदवी घेऊनच बाहेर पडली. हा नियम टिकला तो कडक होता म्हणून नव्हे. तो मोजता येण्यासारखा होता आणि संघातली सर्वात चांगली खेळाडू असो की बाकावरची शेवटची, सगळ्यांना सारखाच लागू होता. ‘मन लावून अभ्यास करा’ हा नियम कुणाला लावताच येत नाही. ‘पहिल्या तीन ओळी’ लावता येतो. आणि एवढ्या धाकाच्या कोचला सगळ्या खेळाडू ‘पॅट’ म्हणूनच हाक मारत, हेही लक्षात ठेवा.

त्या हट्टी होत्या, पण बदलत होत्या. 1996-97 चा मोसम बघा. मोसम सुरू होण्याआधीच पॉइंट गार्ड केली जॉली हिचा एसीएल तुटला. चेंडू वर आणणारी मुलगी नाही म्हटल्यावर हल्ला कुठून सुरू करायचा हेच ठरेना, आणि पराभव साठत गेले. मोसमात एकूण दहा. जॉली मोसमाच्या मध्यावर परतली, तिच्या गतीने खेळ पुन्हा बसवला, आणि दहा पराभव घेऊन त्याच संघाने ओल्ड डोमिनियनला 68-59 असं हरवून अजिंक्यपद घेतलं. पुढच्या वर्षी तमिका कॅचिंग्स आणि सेमिका रँडलसारख्या नव्या मुली आल्या, शमीक होल्ड्सक्लॉ होतीच. या मुलींना धावायला आवडायचं. समिट यांची आजवरची रीत अर्ध्या मैदानात रचून खेळण्याची. ती त्यांनी मागे ठेवली. पूर्ण मैदान प्रेस, चेंडू मिळाला की लगेच धाव. 39 सामने, 39 विजय. अंतिम सामन्यात लुइझियाना टेकविरुद्ध 93-75. मात्र डिफेन्स आणि रिबाउंडचा आग्रह तसाच राहिला. वेग वाढवायला तो आड आला नाही, उलट वेगाला चेंडू त्यातूनच मिळाले. तुमच्या हाती आलेल्या मुली पाहून चाल बदला, पाया बदलू नका, हे थोडक्यात सांगायचं झालं तर मी हेच दोन मोसम दाखवतो.

ऑलिंपिकमध्ये कोच म्हणून त्यांना 1984 मध्ये लॉस एंजलिसला सुवर्ण मिळालं. शेरिल मिलर, टेरेसा एडवर्ड्स, ॲन डोनोव्हन, लिनेट वुडर्ड त्या संघात होत्या, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाचा 85-55 असा पराभव झाला. सोव्हिएत संघ बहिष्कारामुळे आला नव्हता, हे सांगितलं पाहिजे. पण त्या संघाचा डिफेन्स पाहिलेल्याला त्याची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. 2000 मध्ये त्यांचं नाव बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोरांच्या मानाच्या यादीत, गेलं. 22 मार्च 2005 ला 880 वा विजय मिळवून त्यांनी पुरुषांच्या कॉलेज संघाचे नामवंत कोच डीन स्मिथ यांना मागे टाकलं आणि पुढच्याच वर्षी वर्षाला दहा लाख डॉलरहून जास्त पगार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला बास्केटबॉल कोच ठरल्या. महिना 250 पासून इथपर्यंत.

ऑगस्ट 2011 मध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी, आपल्याला लवकर सुरू झालेला अल्झायमर असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि तरीही पुढचा मोसम शिकवला. हे शक्य झालं ते सहायकांमुळे. हॉली वॉर्लिक त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या, नंतर कित्येक वर्षं सहायक. मिकी डमॉसही जुन्या. त्या मोसमात चाली सांगणं, टाइम-आउटमध्ये बोलणं, पत्रकारांना सामोरं जाणं यातलं पुष्कळसं काम वॉर्लिक यांनी उचललं. संघ 27 सामने जिंकून, 9 हरून, बेलरकडून उपउपांत्य फेरीत बाहेर पडला. एप्रिल 2012 मध्ये वॉर्लिक मुख्य कोच झाल्या. समिट 28 जून 2016 रोजी गेल्या. सहायकांना वर्षानुवर्षं केवळ चेंडू गोळा करायला लावणाऱ्या कोचच्या संघात असा मोसम निभावला नसता. डिफेन्सचा तास एका सहायकाला पूर्ण द्या, मध्ये बोलू नका. त्यांच्या चुका सरावानंतर, एकट्यात सांगा.

सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही पुढे विचारालच. काही बदलण्याआधी तीन सामने रिबाउंडची नोंद ठेवा. नुसती संख्या नको, ती फसवते, कारण तुमचा संघ जास्त शॉट चुकवत असेल तर हल्ल्यातले रिबाउंड आपोआप वाढतात. प्रमाण काढा. हल्ल्यात तुम्ही घेतलेले रिबाउंड भागिले तुमचे तेवढे अधिक त्याच टोकाला प्रतिस्पर्ध्याने घेतलेले. तुमचे 12 आणि त्यांचे 28 असतील तर 12 भागिले 40, म्हणजे 30 टक्के. बचावाच्या टोकालाही असंच काढा. तिथे 70 टक्क्यांखाली असाल तर बाकी सगळं बाजूला ठेवून वर सांगितलेली दहा मिनिटं रोज सुरू करा. नोंद ठेवणारीला आणखी एक रकाना द्या : प्रतिस्पर्ध्याने हल्ल्यात रिबाउंड घेतला तेव्हा तो कोणाच्या माणसाने घेतला, आणि आपली मुलगी त्या क्षणी चेंडूजवळच्या बाजूला होती की दूरच्या. तिसऱ्या सामन्यानंतर त्या रकान्यात एक-दोन नावं पुन्हा पुन्हा दिसतील, आणि ती बहुधा दूरच्या बाजूची असतील. पुढच्या सरावात चार विरुद्ध चार लावताना त्याच मुलींना दूरच्या बाजूला उभं करा.